सोळा गाठोडी

अप्पांनी सोळावं गाठोडं तराजूतून उतरवलं, खडूने त्यावर आकडा लिहिला आणि कमरेवर हात ठेवून ते सावकाश सरळ झाले. कोठीच्या खोलीपासून दिवाणखान्याच्या खिडकीपर्यंत गाठोड्यांची ओळ लागली होती. सकाळी आठपासून ते एकटेच वजन करत होते, दुसऱ्या कोणाला पारड्याला हात लावू देत नव्हते. ताईने आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं, की आता बॅटरीवरचे काटे मिळतात, सामान टांगलं की आकडा दिसतो. अप्पांनी एवढंच विचारलं, की बॅटरी उतरली की तो काय दाखवतो. ज्या माणसाने पन्नास वर्षं काटे आणि वजनं घडवली, त्याच्या लेकीने पृथ्वीला फेरी मारायची आणि ती दुसऱ्याच्या काट्यावर विसंबून, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. कारखान्यातली वजनं वार्षिक तपासणीला गेलेली होती. म्हणून त्यांनी घरातला, कोठीतला तराजू घेतला. त्याचं पाच किलोचं वजन त्यांच्याच भट्टीतलं होतं. ताईला त्यांनी सामानाचे पाच-पाच किलोंच्या जवळपासचे सोळा वाटे करायला लावले, म्हणजे प्रत्येक वाट्याला ते एक वजन आणि वर थोडी चिल्लर वजनं पुरत होती.

जेवणाच्या टेबलावर ताई तक्ता पसरून बसली होती. विमानात काय काय आणि किती वजनाचं, ते सगळं त्या तक्त्यात भरून साडेबाराच्या आत विमानतळावरच्या साहेबांकडे द्यायचं होतं. शनिवारी सकाळी निघायचं होतं. विमान चार जणांचं, एका इंजिनाचं. मागच्या दोन जागा काढून तिथे जादा इंधनाची टाकी बसवलेली. चौथ्या दिवशी तेरा तास नुसत्या समुद्रावरून जायचं होतं, आणि त्या तेरा तासांसाठी एक मर्यादा ठरलेली होती. ताईने बेरीज दोनदा तपासली.

"अडीच किलो शिल्लक," ती म्हणाली.

सव्वाने लगेच सांगितलं, की अडीच किलोंचा खाऊ ती करून देईल. सव्वा ही ताईच्या भावाची, भाऊची मुलगी. जन्मली तेव्हा सव्वा किलोची होती, म्हणून घरात ते नाव पडलं. आता वीस वर्षांची होती, दारातून आत येताना मान वाकवायची, आणि बाकीचं वजन आपण कोठीतून भरून काढलं असं स्वतःच सांगायची. ताई तिला म्हणाली, की अडीच किलो शिल्लक म्हणजे अडीच किलो वापरायचे असं नसतं. बावीस वर्षं तिने फ्लाइंग क्लबमध्ये पोरांना उडायला शिकवलं होतं, त्यामुळे घरातही तिचं बोलणं शिकवल्यासारखं व्हायचं.

खिडकीजवळ सिस्टर तेराव्या गाठोड्याची गाठ नीट करत बसली होती. सिस्टर म्हणजे भाऊची बायको. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात ती परिचारिका होती, आणि सासऱ्यापासून नणंदेपर्यंत घरातले सगळे तिला सिस्टरच म्हणत. ही सगळी खटपट मुळात तिच्या डोक्यातून निघाली होती. लहान दवाखान्यांतून बाळं यायची, सोबतच्या चिठ्ठीवर वजन अंदाजाने लिहिलेलं असायचं, आणि त्या अंदाजावर औषध दिलेलं असायचं. हजार ग्रॅमच्या बाळाला दोनशे ग्रॅमची चूक किती महागात पडते हे तिने पाहिलं होतं. ताईजवळ उडण्याची विद्या होती, भाऊजवळ कारखाना होता. त्यातून ठरलं, की जगाला फेरी मारायची. एकतीस ठिकाणी उतरायचं. तिथल्या लोकांनी जवळच्या एका लहान दवाखान्याला बाळं तोलायचा काटा आणि ऊबपेटी द्यायची, आणि सिस्टरने अर्धा दिवस थांबून तिथल्या परिचारिकांना ती हाताळायला शिकवायचं. एकतीसही ठिकाणच्या लोकांची पत्रं आली होती. सिस्टरने ती एका फायलीत क्रमाने लावली होती.

भाऊने चार महिन्यांपूर्वी जेवताना एकदाच तोंड उघडलं होतं. ताईचं ठीक आहे, तिचं आयुष्य हवेतच गेलं, असं काहीसं तो म्हणाला होता. सिस्टरने हातातली वाटी खाली ठेवली आणि रजेचा अर्ज दिल्याचं सांगितलं. तेव्हापासून तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. विमान ज्या शेडमध्ये उभं होतं तिथे घरातले सगळे जाऊन आले होते. भाऊला मात्र कारखान्यातून सवडच होत नव्हती.

सव्वाअकराला आई, म्हणजे सव्वाची आजी, रुग्णालयातून परत आली. ती रोज सकाळी पाच किलो पीठ तोलून रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पोचवायची. बाळांच्या आया महिना महिना तिथे राहतात, त्यांच्यासाठी. दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे, तेही रोजचं. घरात बारापर्यंत शांतता असते ती या व्रताच्या कृपेने, असं अप्पा म्हणत, आणि भांडण असलंच तर पोरं ते तिच्यासाठी बारानंतर राखून ठेवत.

तिने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि गाठोड्यांच्या ओळीकडे पाहिलं. सव्वाने उत्साहाने सांगितलं, की आजोबांनी सगळं सामान तोललं, आत्याचा तक्ता झाला, आता फक्त सही राहिली. आईची नजर ओळीच्या टोकाला गेली. तिथे तराजू होता, आणि पारड्याजवळ तिचं पाच किलोचं वजन ठेवलेलं होतं.

ती तिथेच उभी राहिली.

वीस वर्षांपूर्वी सव्वा काचेच्या पेटीत होती तेव्हा आईने मनाशी ठरवलं होतं, की पोर घरी आली तर रोज पाच किलो पीठ द्यायचं, आणि त्या पाचांवर अर्धा किलो असं द्यायचं की ते कोणाला कळू नये. आपल्यालाही आठवू नये. एखाद्या दिवशी कोठीत कमी असेल, मन चोरटं होईल, हात आखडेल. तसं होऊ नये म्हणून ते वजनातच घालून टाकावं. घरातल्या वजनाच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात शिसं ओतून वजन नेमकं करतात, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून पाहत होती. भट्टीवर तेव्हा एक म्हातारे मामा होते. तिने त्यांना खळगा खोल करून अर्धा किलो शिसं जादा ओतायला सांगितलं. त्यांनी का ते विचारलं नाही. मामा पुढे वारले. त्या वजनाला तिच्याशिवाय कोणी हात लावत नसे. सांगून केलेलं दान अर्धं होतं, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आणि वीस वर्षांत ही गोष्ट तिच्या ओठावर आली नव्हती.

सोळा गाठोडी. प्रत्येक वेळी अर्धा किलो.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ताईने पेन उचललं. आईने सिस्टरकडे पाहिलं. ती शेवटची गाठ मारून हात झटकत होती, आणि चार महिन्यांत दिसला नव्हता असा निवांतपणा तिच्या चेहऱ्यावर होता. तक्त्यातली मर्यादा ओलांडली तर कमी करण्यासारखं सगळ्यात मोठं वजन कोणाचं, हे आईला कोणी सांगायला नको होतं. गेले आठ दिवस ताई तेच घोकत होती. इंधन कमी करता येत नाही, तराफा काढता येत नाही, वैमानिक तर लागतोच.

"सही करू नकोस," आई म्हणाली.

सगळ्यांनी आधी तिच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. अप्पा दोन पावलं पुढे आले. कोणी गेलं का, असं त्यांनी घाबरून विचारलं. कारण या वेळेला आईचा आवाज घरात शेवटचा ऐकू आला होता तो त्यांच्या भावाचा निरोप आला त्या दिवशी. आईने मान हलवली. मग तिने जे होतं ते सांगितलं, हळू आवाजात, मामांपासून आजच्या पिठापर्यंत. सांगताना तिने अप्पांकडे पाहिलं नाही. सव्वाकडे पाहिलं.

 अप्पा मागल्या दाराने कारखान्यात गेले. पाच किलोंची ती जोडी त्यांनीच ओतली होती. जोडीतलं दुसरं वजन कारखान्याच्या दाराला टेकू म्हणून लावलेलं होतं, ते त्यांनी आणलं. एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरं. आईचं पारडं खाली गेलं आणि टेकलं. अप्पांनी दुसऱ्या पारड्यात अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. दांडी हलली, जरा डुलली आणि समपातळीत थांबली. ते वाकून काट्याच्या टोकाकडे बघत राहिले.

"वीस वर्षं," ते म्हणाले. "माझ्या घरात खोटं वजन."

"खोटं म्हणू नका. ते द्यायचं वजन आहे. घ्यायला मी ते कधी वापरलं नाही."

"आज मी वापरलं."

 आई पाटावर बसली. आपल्या हातून दोन गोष्टी एकाच वेळी मोडल्या, मौनही आणि गुप्त ठेवलेलंही, याचं तिला जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटत नव्हतं, आणि या गोष्टीचंच तिला नवल वाटत होतं. अप्पांनी वजन उलटं करून बुडाचं शिसं नखाने कोरून पाहिलं. ते स्वतःशीच पुटपुटले, की मामाने काम मात्र चोख केलंय, ग्रॅमचाही फरक नाही. मग त्यांनी सव्वाला आकडे ठोकायच्या पोलादी ठशांची पेटी आणायला सांगितली. आईने विचारलं, काय करताय. ते म्हणाले, पाचाच्या पुढे अर्धा ठोकतो. द्यायचं तर साडेपाच द्या, रोज द्या, पण वजनाने आपलं नाव खरं सांगितलं पाहिजे.

आईने क्षणभर विचार केला आणि हो म्हणून मान हलवली. कळून गेलेल्या अर्ध्या किलोचं आता पुण्य उरलं नाही, तेव्हा दुसरं काहीतरी शोधावं लागेल. काय, ते ती या वेळी कोणाला कळू देणार नव्हती, अप्पांच्या तराजूलासुद्धा नाही.

ताईने तेवढ्यात विमानतळावर फोन करून पाच वाजेपर्यंत मुदत मागून घेतली होती आणि तक्त्यावर नवी बेरीज केली होती. सोळा वेळा अर्धा म्हणजे आठ. शिल्लक होते अडीच. साडेपाच किलो जास्त झाले. सव्वा म्हणाली, एवढ्या मोठ्या विमानाला साडेपाच किलो म्हणजे काय आहे. ताईने तिला तक्त्यात न दिसलेल्या आठ किलोंचा अर्थ समजावून सांगितला. तेवढ्या वजनाचं इंधन म्हणजे अकरा लिटर, आणि अकरा लिटर म्हणजे हवेतली जवळजवळ वीस मिनिटं. समोर वारा असेल तर समुद्रावर वीस मिनिटं म्हणजे किनारा दिसणं आणि न दिसणं एवढा फरक. हे आईने आज सांगितलं नसतं तर, असं ती म्हणू लागली आणि तिने वाक्य सोडून दिलं. मग गाठोडी सोडवून एकेक वस्तू काढून पाहिली. तराफा, जीवनजॅकेटं, पाणी, औषधं, दाखवण्यासाठीचा एक काटा. ज्या वस्तूवर बोट ठेवावं ती नकाशावरच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्याला लागणारच होती.

शेवटी ताईने पेनाचं टोक तक्त्यातल्या सिस्टरच्या नावावर ठेवलं. अप्पांनी ते पाहिलं. चार महिने सिस्टरच्या बाजूने हे दोघेच उभे होते. भाऊशी बोलणं तोडण्यापर्यंत अप्पांची मजल गेली होती.

"नियम माझ्यासाठी वेगळा नाही," ताई सिस्टरला म्हणाली. "पोरांना मी हेच शिकवते."

अप्पांनी खाली बघत दुजोरा दिला. काटा दाखवतो ते मान्य करायचं, हेच ते जन्मभर बोलत आले होते.

भाऊ कारखान्याच्या दारात उभा होता. दाराचा टेकू कोणी नेला म्हणून तो आला होता आणि निम्म्याहून अधिक त्याने तिथूनच ऐकलं होतं. त्याच्या मनातलं न सांगता, न भांडता, समोर येऊन ठेपलं होतं. त्याने नाही म्हटलं नव्हतं, वजनाने म्हटलं. बायको घरी राहणार, ताई उडणार, कोणाचा कोणावर राग नाही. त्याने खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले आणि सिस्टर काय म्हणते याची वाट पाहिली.

 सिस्टरने फाईल उघडली आणि ताईच्या शेजारी बसून एकेक पत्र तिला समजावायला सुरुवात केली. या दवाखान्यात वीज जाते, इथे ऊबपेटी बॅटरीवर चालवून दाखव. इथल्या मुख्य परिचारिकेचं पत्र जरा तुसडं आहे, पण ती रात्रपाळ्या करून दमलेली आहे, तिला आधी बसायला सांग. काटा दाखवताना बाळाखालचं कापड आधी तोलायचं, ते सगळे विसरतात, तू तीनदा सांग. तिचा आवाज वॉर्डात पाळी बदलताना दुसऱ्या परिचारिकेला माहिती देण्याचा होता. सरळ, नेटका, कशाचाही त्रास न देणारा.

भाऊला तो आवाज ओळखीचा होता. सव्वा पेटीत होती तेव्हा चाळीस दिवस ती त्याच आवाजात त्याला घरी जाऊन झोपायला सांगत होती. तो जात होता. ती एकटी थांबत होती. तिने तक्रार केली नाही, म्हणून त्यालाही कधी वाटलं नाही की आपण काही केलं नाही. आज तो पुन्हा घरी जाऊन झोपायच्या तयारीत होता.

"हत्यारांच्या पेटीचं वजन किती?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ताईने तक्ता पाहून सांगितलं, की दुरुस्त करून अकरा किलो, दोन गाठोड्यांत. ती पेटी त्याने स्वतः भरून पाठवली होती. तो बोलायला आला नव्हता, शेडवर आला नव्हता, पण इंजिनात जे जे म्हणून बिघडू शकतं त्या प्रत्येकासाठी त्याने एक एक पाना त्या पेटीत घातला होता, आणि मोठ्या पान्यांना पर्यायी दुसरेही घातले होते. आता त्याने दोन्ही गाठोडी फरशीवर सोडली. सगळं पोलाद पसरल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. अप्पा म्हणाले, एवढ्यात तर विमान नव्याने बांधता येईल.

भाऊ उकिडवा बसला आणि निवडायला लागला. हा आणि हा एकच काम करतात, हा ठेव, तो जाऊ दे. हातोडी जाऊ दे. हा पाना दोन्हीकडून चालतो. सव्वा बाजूला टाकलेलं उचलून तराजूत ठेवत होती आणि अप्पा खऱ्या वजनाने तोलत होते. चार किलो, पावणेपाच. मग भाऊ थांबला. उरलेलं कमी करायचं तर त्याला सुट्या पान्यांचा सगळा संच काढावा लागणार होता आणि एकाच लांब दांड्याच्या पान्यावर भागवावं लागणार होतं. ते कौशल्याचं आणि जोराचं काम होतं. ताईने स्पष्ट सांगितलं, की रोज दहा तास चालवून उतरल्यावर तिच्या हातात तेवढं बळ उरणार नाही.

"तुझ्यासाठी नाही विचारत," भाऊ म्हणाला. मग तो बायकोकडे वळला. "अगं, चल. शेडवर जाऊ. पाच वाजायला वेळ आहे."

सिस्टरने फाईल मिटली.

शेडच्या दारात भाऊ जरासा थांबला. विमान त्याने मनात धरलं होतं त्यापेक्षा लहान होतं, पंख वर, चाकं खेळण्यातल्यासारखी. दोन बायकांना घेऊन हे एवढंसं जगाभोवती फिरणार, याची त्याने चार महिने कल्पना करायचं टाळलं होतं. आता तो त्याच्याभोवती एक फेरी मारून आला, जोडांवरून बोट फिरवलं, आणि शेवटी ठीक आहे म्हणाला. कोणाला, ते कळलं नाही. त्याने इंजिनावरचं झाकण कसं उघडायचं ते एकदा दाखवलं, बंद केलं आणि पाना सिस्टरच्या हातात दिला.

पहिला प्लग तिला हलेना. भाऊने हात पुढे केला नाही. दांड्याच्या टोकाला धर, मनगटाने नको, खांद्याने ओढ, एवढंच म्हणाला. ती म्हणाली, वॉर्डात आम्ही सगळं मनगटाने करतो. तो म्हणाला, बाळं गंजत नाहीत. ताईला हसू आलं आणि तिने ते तक्त्यात लपवलं. सिस्टरने पाय फाकवून जोर लावला. पाना कुरकुरला, प्लग सुटला, आणि तिने तो दोन बोटांत असा अलगद धरून बाहेर काढला की भाऊ बघतच राहिला. तिने टोक उजेडात धरलं, काजळी पाहिली, त्याने सांगितल्याप्रमाणे पुसला, परत बसवला. सगळ्याला अकरा मिनिटं लागली.

साडेचार वाजले होते. ताई पेन हातात घेऊन उभी होती. काढलेला संच धरून कमी केलेलं वजन साडेपाचाच्या वर गेलं होतं. तक्ता बसत होता. तिने भाऊकडे पाहिलं. या चार महिन्यांत तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं नाही.

भाऊने सिस्टरच्या कोपराला लागलेलं काळं ऑइल आपल्या फडक्याने पुसलं.

"सही कर, ताई," तो म्हणाला. "प्लग आठ आहेत. बाकीचे सात मी आज हिच्याकडून काढून घेतो."